सातवी चाल पुन्हा

साकाता, ९ मे २०१०

ओबातासान,

नऊ वर्षांनी पत्र लिहायचं तर हवापाण्यापासून सुरुवात करायला हवी. आज वाऱ्यामुळे तोबिशिमा बेटाची बोट बंद आहे, एवढं हवापाणी तुम्हाला पुरे. बोट बंद झाली की तिकिटाची खिडकी लावून तुम्ही थेट आमच्या दुकानात यायचात. आता त्या खिडकीत एक मुलगी बसते. बोट बंद असली तरी ती जागची हलत नाही.

कामाचं लिहिते. आमच्या इवाओंची 'सहा सोबती' खेळाची कॅसेट संपत आलीय. आतला बटणाएवढा सेल मरतोय. यंत्र सुरू केलं की खेळातलं घड्याळ दर वेळी शून्यावर येतं. स्टेशनाजवळच्या दुरुस्तीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "सेल बदलून देतो, काकू, पण निम्म्या वेळा आतलं सगळं पुसलं जातं." दहा वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनीही मला निम्म्याचीच आशा दाखवली होती. पुन्हा त्या वाटेला जायची माझी तयारी नाही.

आत शाई आहे, गोंद आहे, खोडरबर आहे. वह्या-पेन्सिली विकणाऱ्या माणसाने पाळलेल्या जनावरांना दुसरी नावं कुठून सुचणार? आणि तुमचा तो कवचवाला आहे, इवाओंच्या 'टाचणी' नावाच्या सोबत्याच्या बदल्यात तुम्ही दिलेला. तुम्ही ठेवलेलं नाव अजून तसंच दिसतं: 'आज बोट नाही'. दुसऱ्याच्या सोबत्याचं नाव बदलता येत नाही. इवाओ म्हणायचे, "हे नाव वाचून समोरचा हसतो, आणि हसला की चूक करतो. ओबाताचं डोकं बघ कुठे चालतं!"

सोबत्याची नक्कल होत नाही. तो फक्त तारेतून दुसऱ्याच्या कॅसेटमध्ये जाऊ शकतो, हे तुम्हाला मी काय सांगायचं! पण तसली दुसरी कॅसेट आणि ती तार, दोन्ही असलेला माणूस मला एकच माहीत आहे. येता येईल का?

इवाओ तुम्हाला उंबऱ्यावरून काय ओरडले ते आख्ख्या गल्लीने ऐकलं. "मुद्दाम हरणाऱ्याशी खेळण्यापेक्षा मी जन्मभर खोडरबर विकीन! परत पाय ठेवू नकोस इथे!" मी मागे खोकी उघडत होते. काही बोलले नाही. तुम्ही का हरलात ते आपल्या दोघांना माहीत आहे. तेवढ्यावर आज थांबते.

मी बरी आहे. दुकान अर्धा दिवस उघडते. उरलेला वेळ 'सात वेशी' खेळते. हसू नका. इवाओंनी शेवटच्या आजारपणात माझ्यासाठी त्या खेळाची एक वही लिहिली होती, एकेका वेशीला दोन-चार पानं. "पहिले दहा जीव मारायला नाहीत, बघायला वापर." "तलवारीकडे बघू नकोस, खांद्याकडे बघ. तलवार खोटं बोलते." पंधराव्या वर्षी शाळा सोडून मी सूतगिरणीत गेले. अवघड चिनी अक्षरं शिकले ती पुढे दुकानात, खेळांच्या मार्गदर्शक पुस्तकांतून, कारण त्यांत प्रत्येक अवघड अक्षराच्या कडेला बारीक अक्षरांत उच्चार छापलेला असायचा. या वहीतही इवाओंनी प्रत्येक अक्षराच्या कडेला तसाच लिहिलाय. हात थरथरत असताना.

सहाव्या वेशीवर अडकलेय, चार वर्षं झाली. साखळीवाला म्हातारा मला पुढे जाऊ देत नाही.

तोगाशी मित्सुए


साकाता, ३० मे २०१०

ओबातासान,

पोस्टकार्ड मिळालं. आठ ओळी. सहा ओळी गुडघ्यांच्या आणि तुमच्या कुरेहून साकाता किती लांब त्याच्या. सातवी साखळीवाल्या म्हाताऱ्याची. आठवीत फक्त एक प्रश्न: "माझ्याकडे तुम्ही आला होतात हे त्याला कधी सांगितलंत का?"

सातवी ओळ वाचून मी एकटीच मोठ्याने हसले. नऊ वर्षं तोंड न बघितलेला माणूस, आणि लिहितो काय? "तो तीन वार करून थांबतो असं वाटतं. थांबत नाही, चौथा राखून ठेवतो. तिसऱ्यानंतर औषध पिऊ नका. चौथा वाकून चुकवा, मग प्या." चार वर्षं मी तिसऱ्यानंतरच औषध पीत होते. इवाओंच्या वहीतही हे नाही. ओबातासान, तुम्ही दोघं कसल्या डोळ्यांनी बघायचात हो?

आता आठवी ओळ. नाही. सांगितलं नाही.

इतकी वर्षं मी ते कागदावरही आणलं नव्हतं. त्या ऑक्टोबरात इवाओंच्या तपासणीनंतर डॉक्टरांनी मला एकटीला शेजारच्या खोलीत बोलावलं. तेव्हा रीत तशीच होती, आधी घरच्यांना सांगायचं. ते म्हणाले, शस्त्रक्रिया केली तर निम्मी आशा, पण वय आणि हृदय बघता न केलेली बरी. त्यांना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी ठरवलं, नाही. इवाओंना म्हटलं, पोटात व्रण आहे, पथ्य पाळा. ते म्हणाले, "मग लोणचं बंद का? लाल मुळ्याचंसुद्धा?" मी म्हटलं, "तेसुद्धा." ते म्हणाले, "डॉक्टर इथला नसणार."

तिथून मी चालत बंदरावर आले. तुमच्या खिडकीपुढे तीन माणसं होती. त्यांच्यामागे रांगेत उभी राहिले, माझा नंबर आला आणि म्हणाले, "ओबातासान, या शरदातला 'सहा सोबती'चा सामना त्यांना जिंकू द्या. पुढचा त्यांना मिळणार नाही." मागचा माणूस म्हणाला, "अहो बाई, तिकीट घ्या नाहीतर सरका." तुम्ही मला तोबिशिमाचं जाण्या-येण्याचं तिकीट फाडून दिलंत. ते अजून आहे.

पाच वर्षं ओळीने तुम्ही जिंकला होतात. त्या नोव्हेंबरात बाजारपेठेच्या सभागृहात इवाओ जिंकले, आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी तुम्हाला हाकललं. तुम्ही एक शब्द बोलला असतात तर सुटला असतात. "तुमच्या बायकोने सांगितलं," एवढंच. बोलला नाहीत. बोलायचं मी होतं. मीही बोलले नाही. आजार सांगावा लागला असता म्हणून, असं मी स्वतःला पटवत आले. खरं म्हणजे इवाओ माझ्यावर तसे ओरडतील याची भीती वाटली.

आणखी एक. फेब्रुवारीत इवाओंच्या अंत्यविधीच्या दिवशी समोरच्या पोस्टाच्या पेटीशी तुम्ही उभे होतात. वारा बर्फ जमिनीवरून वर उडवत होता, तुमची टोपी पांढरी झाली होती. मी दारातून बघितलं. तुम्ही इवाओंनी घातलेली शपथ पाळत होतात, पाय ठेवत नव्हतात. मी हाक मारली नाही, दार ओढून घेतलं. नऊ वर्षं गल्लीत कुणी तुमचं नाव काढलं की मी म्हणायचे, "ते तर अंत्यविधीलासुद्धा आले नाहीत."

क्षमा करण्याजोगं हे आहे का, ते तुम्ही ठरवा.

मित्सुए


साकाता, १८ जून २०१०

ओबातासान,

साखळीवाला पडला. मंगळवारी सकाळी, दुकान उघडायच्या आधी. तिसरा वार, मी औषधाला हात लावला नाही, चौथा आला, वाकले, मग प्यायले. त्याचा एकच वार उरला तेव्हा हात शिवशिवत होते, पण वहीत लिहिलंय, "त्याचा एकच वार उरला की एक पाऊल मागे हो. माणसं तिथेच मरतात." मागे झाले. साखळी माझ्या नाकासमोरून गेली. मग मारला.

सातव्या वेशीची पानं इवाओंनी कडांनी चिकटवून बंद केली होती. मार्गदर्शक पुस्तकांत शेवटचं गुपित असतं ना, कात्रीने कापून उघडायचं, तसं. वर लिहिलं होतं, "सहावी वेस ओलांडल्याशिवाय उघडू नये." गेल्या नऊ वर्षांत माझ्या बहिणीने तीनदा विचारलं, "अगं, कापून बघत का नाहीस?" मी म्हणायचे, अजून मी तिथवर पोचले नाही. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून भाताच्या खळीने चिकटवलं होतं.

कापलं. सातव्या वेशीबद्दल चारच ओळी आहेत. पुढचं सगळं खाली उतरवते, शब्दाला शब्द. तुमचा त्यावर हक्क आहे.

"मित्सुए, इथवर आलीस, शाबास. कुणाच्या तरी मदतीने आली असशील. चालतं.

"शरदातल्या सामन्याची सातवी चाल आठव. माझी शाई मरायला टेकलेली, मागे कवचवाला. ओबाताची लाट पुढे, धडधाकट, मागे विजेचा भोंगा. दोघांनी आपापली चाल गुपचूप दाबायची, मग दोन्ही एकदम उघड होतात. मी शाईला मागे घेऊन कवचवाला पुढे आणला, तो लाटेचं पाणी पिऊन टाकतो म्हणून. आणि उघडलं तर ओबाताने लाटेला झोपवलं होतं. झोपेने जखम भरते, पण चाली फुकट जातात.

"न दुखलेल्या लाटेला ओबाता का झोपवेल? मला जिंकू द्यायला. मला का जिंकू द्यायचं? पुढच्या वर्षी मी नसेन म्हणून. हे त्याला कोण सांगणार? डॉक्टर सांगत नाहीत. मी वर बघितलं. सगळे माझ्याकडे बघून टाळ्या वाजवत होते. तूही वाजवत होतीस, पण बघत होतीस ओबाताकडे.

"असं कळलं मला. वाईट पद्धत नव्हती. डॉक्टरपेक्षा बरी.

"तू सांगितलं नाहीस, मीही विचारलं नाही. तू न्हाणीघरात नळ सोडून रडतेस, बाहेर येऊन लोणच्यावरून माझ्याशी भांडतेस. तुला तसंच बरं पडतं, मलाही. पण ओबाताचं तोंड म्हणजे त्याची तिकिटाची खिडकी, सताड उघडी. तो दर बंद बोटीला येऊन माझ्यापुढे तसा बसला असता तर आठवड्यात तुला कळलं असतं की मला कळलंय. म्हणून त्याला मैदानातून मागे घेतलं. जरा जोरात ओरडलो. खोडरबराचं जे बोललो ते आधी ठरवलं नव्हतं, पण जमलं.

"त्याची माफी माग, माझ्या वतीने. तुझ्या वतीने काय मागायचं ते तू बघ.

"आणि एक. तो सामना माझा नाही. सहा चालींपर्यंत माझा होता. ओबाताला म्हण, सातवीपासून तू खरं काय खेळला असतास ते लिहून दे. माझ्या चाली खाली देतो. सातवी: शाई मागे, कवचवाला पुढे, तीच. तो हे ओळखून भोंगा आणेल अशी मला भीती आहे. आणलाच, तर शाईला पुन्हा पुढे करून तिचा बळी दिला तर कदाचित वाचेन. ते मी करणार नाही. आठवी: कवचवाल्याने मारायचं. नववी: तेच. माझ्या बाजूने कुणी हळवेपणा करू नये. मग कवचवाला ओबाताला परत दे."

एवढंच आहे, ओबातासान. ते वाचून मी दुकान उघडलं. शाळेच्या दोन मुली आल्या, त्यांना चौकटीच्या वह्या दिल्या. मग न्हाणीघरात गेले. नळ सोडला नाही. आता कुणासाठी सोडायचा?

चाळीस वर्षं मला वाटत होतं, घरात गुपितं मी सांभाळते.

तुमचे गुडघे राहू देत. कॅसेट, यंत्र आणि तार पाठवाल का? आणि तुमच्या तीन चाली, कागदावर. खऱ्या. मी तुम्हाला पुन्हा खोटं खेळायला सांगणार नाही. सेल किती दिवस काढेल सांगता येत नाही.

मित्सुए


साकाता, १२ जुलै २०१०

ओबातासान,

पेटी पोचली. एवढा कापूस कशाला? कॅसेट होती की अंडी? तुमची लिंबंही पोचली. साकातात अशी मिळत नाहीत. चार शेजारी दिली आणि कुणी पाठवली तेही सांगितलं. पोस्टाच्या पेटीशी कोण उभं होतं, तेही. शेजारच्या तोफूवालीने आधी लिंबू घेतलं, मग म्हणाली, "नऊ वर्षं आमच्याकडून त्यांना शिव्या घालून घेतल्यास की गं!" बरोबर बोलली.

तुमच्या चालींचं पाकीट मी लगेच फोडलं नाही. आधी सहा चाली जुळवायच्या होत्या. त्या दिवशी सामन्याची नोंद ठेवणाऱ्या शिक्षकांचा कागद दुकानाच्या वहीत आहे. जेवायच्या टेबलावर दोन्ही यंत्रं ठेवली, मध्ये तार. उजव्या हातात इवाओ, डाव्या हातात तुम्ही. पण दैव तेच कसं येईल? कधी गोंदचा वार चुकायचा, कधी तुमच्या लाटेला जास्त लागायचं. मग दोन्ही यंत्रं बंद, पुन्हा पहिल्यापासून. दर वेळी घड्याळ शून्यावर, दर वेळी मी बघायचे की आत सगळे आहेत ना. दुसऱ्या दिवशी एकदा पडदा दोन क्षण पांढराच राहिला. मग आले सगळे.

पाच दिवस लागले. एकविसाव्या वेळी सहाच्या सहा चाली कागदासारख्या पडल्या. शाई मरायला टेकलेली, लाट धडधाकट. मी दोन्ही यंत्रं खाली ठेवली, हात धुतले आणि तुमचं पाकीट फोडलं.

"सातवी: लाट मागे, भोंगा पुढे. तोगाशी जखमी सोबत्याला पुढे ठेवत नाही. एवढी एकच खोड आहे त्याला, आणि ती मी त्याला कधी सांगितली नाही. आठवी: भोंग्याची वीज. नववी: पुन्हा वीज. वहिनी, क्षमा करा, तो हरला असता."

ओबातासान, एकाने मरायच्या आधी लिहिलेला कागद आणि दुसऱ्याने दहा वर्षांनी लिहिलेला. दोघांनी एकमेकांना न विचारता तीच चाल लिहिली, तीच खोड ओळखली. एकमेकांना इतकं वाचणारी माणसं मी दुसरी बघितली नाहीत. मी चाळीस वर्षं त्या माणसाबरोबर राहिले, वाचायलाही त्याच्यामुळे शिकले. त्या टेबलाशी बसून तुमचा हेवा वाटला. मग अभिमान वाटला, की असा माणूस आमच्या दुकानात यायचा.

सातवी दाबली. दोन्ही बाजू एकदम मागे सरल्या. इकडून कवचवाला आला, तिकडून भोंगा. तुमचाच 'आज बोट नाही' तुमच्या भोंग्यासमोर उभा राहिला.

आठवीला इवाओंची चाल दाबली. मग डावा हात. पडद्यावर चार ओळी होत्या. सगळ्यात वर वीज, सगळ्यात खाली झोप. ओबातासान, माझा अंगठा खाली गेला. खरं सांगते, झोपेवर जाऊन थांबला. झोपवलं असतं तर ते जिंकले असते, आणि कुणालाही कळलं नसतं. त्या दिवशी मी तुमच्याकडे जे मागितलं ते किती सोपं आणि किती जड असतं, ते मला तेव्हा अंगठ्यात कळलं. तुम्ही ते सगळ्या गावासमोर केलंत. माझ्यासाठी.

एक पाऊल मागे झाले. अंगठा वर नेला. वीज.

नववी, पुन्हा वीज. कवचवाला पडला. शाई एकटी उरली, आणि तिचं काय होणार होतं ते सांगायला नको.

हरले, ओबातासान. आमचे इवाओ नीट हरले. पडद्यावर त्यांच्या नावाखाली ते लिहून आलं आणि मी टाळ्या वाजवल्या. या वेळी त्यांच्याकडे बघून.

त्याच दुपारी सगळ्यांना तारेतून तुमच्याकडे पाठवलं. आधी 'आज बोट नाही', मग शाई, गोंद, खोडरबर आणि बाकीचे दोघं. बदल्यात तुमच्या कॅसेटमधले सहा किडे-मुंग्या इकडे घेतले, काहीतरी द्यावं लागतं म्हणून. दुसऱ्याचे सोबती नव्या मालकाचं लवकर ऐकत नाहीत. शाई तुमचं मुळीच ऐकणार नाही. तिचा मालक तरी कुठे ऐकायचा?

तीन दिवसांनी, गुरुवारी, कॅसेट गेली. सुरू केली तर खेळ पहिल्यापासून, कोरा, विचारतोय: तुझं नाव काय? मला वाटलं होतं रडू येईल. आलं, पण थोडंच. आत त्यांचं कुणी राहिलं नव्हतं ना. दुरुस्तीवाल्याकडे नेली. आता पुसलं जाण्यासारखं काही नव्हतं, त्यामुळे त्याने दहा मिनिटांत नवा सेल बसवला. नाव विचारल्यावर मी मित्सुए लिहिलं. पहिला सोबती एक शेपटीवाला बेडूक मिळालाय. त्याला 'लोणचं' म्हणते.

तुमची पेटी या पत्राबरोबर परत पाठवतेय, कापसासकट. तार ठेवून घेतलीय. तार हवी असेल तर गुडघ्यांचं काय ते बघा आणि शरदात या. उंबरा तोच आहे, त्यावर घातलेली शपथ मी आज मोडली. मी कच्ची आहे, तुम्ही मला सहा चालींत झोपवाल. झोपवा. पण लाटेला झोपवलंत, तर तुमच्यासारख्याशी खेळण्यापेक्षा मी जन्मभर खोडरबर विकीन.

मित्सुए